सोसायटीच्या आवारात लोंबत्या फांद्यांचा बॉटलब्रश

थंड प्रदेशातील बागांमध्ये फुलांनी लवलेले क्रॅबॲपल पाहून ते मुंबईत लावावेसे वाटणे साहजिक आहे. परंतु सफरचंदाच्या या भाईबंदाच्या सुप्त कळ्या जाग्या होण्यासाठी कित्येक आठवडे सात अंश सेल्सिअसच्या आसपासची थंडी लागते आणि ती मुंबईच्या जानेवारीत मिळत नाही. झुकत्या फांद्यांची हौस येथे भागवायची तर लोंबता बॉटलब्रश लावावा. हे झाड मूळचे पूर्व ऑस्ट्रेलियातील ओढ्यांच्या काठचे असून जांभळाच्याच कुळातले आहे.

रोपवाटिकेतून शक्यतो फाट्यापासून, म्हणजे फांदीच्या तुकड्यापासून, तयार केलेले रोप घ्यावे, कारण बियांपासून वाढलेल्या रोपाच्या फांद्या मातृवृक्षासारख्याच लोंबतील याची खात्री नसते. पहिले चांगले पाऊस झाल्यावर, दिवसभर ऊन मिळेल अशा जागी, दोन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्यावा. आवारात पेव्हर ब्लॉकखाली बहुधा बांधकामाचा राडारोडाच निघतो. आमच्याकडे तो तसाच राहिला, तेव्हा वर्षभरात कोवळी पाने पिवळी पडली आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. सिमेंट-चुन्यामुळे माती अल्कधर्मी झाली की मुळांना लोह मिळत नाही, त्याचे हे लक्षण होय. म्हणून राडारोडा पूर्ण काढून लाल माती व कुजलेले शेणखत भरावे.

झाडाचा डौल पहिल्या दोन वर्षांतच ठरतो. मुख्य शेंडा आपणहून वाकू पाहतो. त्याला बांबूचा आधार देऊन, सुतळी आठच्या आकड्यात सैल बांधून, माणसाच्या उंचीपर्यंत सरळ चढवावे आणि मगच फांद्यांना मोकळे सोडावे. पहिले दोन उन्हाळे आळ्यात नियमित पाणी घालावे.

लाल तुऱ्याच्या टोकातून पुढे पालवी फुटते आणि मागे फांदीला चिकटलेली, मण्यांसारखी कठीण बोंडे वर्षानुवर्षे राहतात. त्यामुळे बहर ओसरताच सुकलेल्या तुऱ्याच्या किंचित मागे छाटणी करावी. बहरात शिंजीर पक्षी मधासाठी येतात, तेव्हा कात्री लावू नये. झाड मोठे झाल्यावर छाटणीपूर्वी महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी घ्यावी. त्यानंतरही फांद्या एका रेषेत कापून छत्री करण्याचा मोह माळ्याला हमखास होतो. त्या दिवशी स्वतः खाली उभे राहावे.