गेमचं इलेक्टिव्ह घेतलंय ना, मग आधी गेम छोटा करा

दर सेमिस्टरला ज्युनियर पोरं तेच विचारून राहिली की भाऊ गेम प्रोग्रॅमिंगचा प्रोजेक्ट कसा करायचा, म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

पहिल्याच आठवड्यात ग्रुपमधला कोणीतरी म्हणणार, आपण ओपन वर्ल्ड बनवू, सीताबर्डीपासून फुटाळ्यापर्यंत अख्खं नागपूर. त्याला तर्री पोहे खाऊ घाला अन् विषय बदला. आमचा गेम कापता कापता शेवटी एवढाच उरला: वरून संत्री पडतात, खाली टोपली सरकवायची, सडकं संत्रं झेललं की एक लाइफ गेली. आणि याची लाज बाळगू नका, 1972 चा पाँग म्हणजे दोन दांडे अन् एक ठिपका, तोही अटारी या गेम कंपनीत नवीन लागलेल्या अ‍ॅलन अल्कॉर्नला सराव म्हणून दिलेलं काम होतं.

इंजिन, म्हणजे गेम बनवायचं सॉफ्टवेअर, सिलॅबसमध्ये ठरलेलं असेल तर प्रश्नच नाही. चॉइस असेल अन् लॅपटॉप जुना असेल तर गोडो घ्या, फुकट आहे, इन्स्टॉलसुद्धा करावं लागत नाही, झिप उघडली की सुरू, अन् त्याची स्क्रिप्ट पायथनसारखीच दिसते. युनिटी या दुसऱ्या इंजिनाला सी शार्प ही भाषा लागते. चित्रं, म्युझिक सगळं शेवटी, आधी नुसते चौकोन अन् गोळे हलवा.

आता जिथे सगळे फसतात ते. आम्ही टोपली दर फ्रेमला, म्हणजे स्क्रीनवर चित्र नव्यानं काढलं जाईल तेव्हा दर वेळी, 5 पिक्सेल सरकवत होतो. लॅबच्या मॉनिटरवर सेकंदाला 60 फ्रेम, म्हणजे सेकंदाला 300 पिक्सेल, मस्त चालत होतं. मित्राच्या 144 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 144 फ्रेमच्या, गेमिंग लॅपटॉपवर लावलं तर तीच टोपली 720 नी पळाली, बोट लावलं की थेट भिंतीवर! दोन रात्री आम्ही कीबोर्डला शिव्या देत बसलो. उपाय एका ओळीचा: स्पीड फ्रेमवर नाही, सेकंदावर ठरवायचा. 300 गुणिले डेल्टा, डेल्टा म्हणजे मागच्या फ्रेमपासून गेलेला वेळ. व्हायव्हात हे विचारतातच, तेव्हा पाठ करू नका, दोन मशीनवर चालवून बघा.

गेम थोडाही चालायला लागला की होस्टेलमधल्या कोणाला तरी खेळायला बसवा अन् स्वतःचं तोंड बंद ठेवा, हेच सगळ्यात अवघड आहे बावा. आमचा रूममेट बराच वेळ ए अन् डी दाबत बसला, आम्ही फक्त अ‍ॅरो कीज ठेवल्या होत्या. मी सांगणारच होतो, पण सर थोडीच प्रत्येक खेळणाऱ्याच्या शेजारी उभे राहणार आहेत? त्याच रात्री दोन्ही प्रकारच्या कीज चालतील असं केलं.

गिट, म्हणजे कोडमधला प्रत्येक बदल जपून ठेवणारं टूल, पहिल्या दिवसापासून वापरा, पेनड्राइव्हवर फायनल, फायनल 2, खरंच फायनल असले फोल्डर नको. युनिटी असेल तर लायब्ररी फोल्डर गिटमध्ये ढकलू नका, ते परत आपोआप तयार होते.

आणि सबमिशनच्या आठवडाभर आधीच गेम एक्स्पोर्ट करून, म्हणजे इंजिनाशिवाय चालेल असा बनवून, दुसऱ्याच्या पीसीवर चालवा. गोडोत त्यासाठी लागणारे एक्स्पोर्ट टेम्प्लेट्स वेगळे डाउनलोड करावे लागतात, ती फाइल इंजिनाच्या कित्येक पट मोठी आहे, लॅबच्या नेटवर आदल्या रात्री उतरत नाही. आम्ही बसलो होतो, माहीत आहे.