छंदासाठी जुनी वेगवान गाडी घेताय? आधी या चुका टाळा

धुळे, जळगाव, अमळनेर या आमच्या पट्ट्यात सध्या दोन हजार सालच्या आगेमागे आलेल्या पेट्रोल गाड्या स्वस्तात घेऊन हौसेने उभ्या करण्याचे वेड वाढले आहे. पॅलिओ १.६, आयकॉन १.६, पहिल्या पिढीतील होंडा सिटी व्हीटेक, मारुतीची जुनी बॅलेनो अशा या गाड्या. वजनाला हलक्या, इंजिनाने तगड्या आणि आजच्या गाड्यांइतक्या इलेक्ट्रॉनिक्सने भरलेल्या नसल्यामुळे घरच्या अंगणात शिकण्यासाठी त्या उत्तम आहेत. अडचण एवढीच की सल्ला विचारायला येणारे बहुतेक जण गाडी दारात आणल्यानंतर येतात, आणि तेव्हा सल्ल्याचा उपयोग फक्त खर्चाचा आकडा सांगण्यापुरता उरतो.

पहिली चूक नावाला भुलण्याची आहे. ‘सिटी’ म्हणजे १०६ अश्वशक्तीची व्हीटेक असे गृहीत धरून कित्येक जण २००३ अखेरीस आलेली पुढच्या पिढीची सिटी घेऊन मोकळे होतात. त्या गाडीत सुरुवातीला ७७ अश्वशक्तीचे इंजिन होते. गाडी चांगली असली तरी ती आपल्याला हवी होती ती गाडी नव्हे. पॅलिओच्या बाबतीत तर १.२ च्या डिकीवर १.६ चे बोधचिन्ह चिकटवलेले मी स्वतः पाहिले आहे. आरसी बुकावरील क्यूबिक कपॅसिटीचा रकाना वाचावा, तिथे १५९६ लिहिलेले नसेल तर पुढची बोलणी करू नयेत.

दुसरी चूक म्हणजे स्वप्न आणि सुटे भाग यांचा मेळ न घालणे. २००४ मध्ये आलेली ऑक्टाव्हिया आरएस, १.८ लिटरचे टर्बो इंजिन आणि १५० अश्वशक्ती, आज किमतीने आवाक्यात दिसते. हिंदुस्थान मोटर्सने तिरुवल्लूरला बनवलेली लॅन्सरही तशीच मोहात पाडते. मात्र त्यांचा एखादा सेन्सर किंवा सस्पेन्शनचा भाग गेला की आपण नाशिक, पुणे, मुंबई असे फोन फिरवत बसतो आणि गाडी तीन महिने विटांवर उभी राहते. मी गाडी पाहायला जाण्याआधी सहा भागांची चिठ्ठी करतो: वॉटर पंप, हेड गॅस्केट, क्लच प्लेट, पुढचे शॉकॲब्सॉर्बर, टायमिंग बेल्ट आणि पुढची काच. यांपैकी चार भाग आठवड्याभरात मिळतील असे आमच्या आग्रा रोडवरील दुकानदार सांगत नसेल, तर मी ती गाडी पाहायलाही जात नाही. या सवयीमुळे माझ्या हातून एक-दोन सुंदर गाड्या सुटल्या, हे मान्य करतो.

थर्मोस्टॅट काढलेली, पंखा ‘डायरेक्ट’ केलेली गाडी

आता ज्या चुकीचा मला खरोखर राग आहे तिच्याकडे वळतो. खानदेशात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो, गाडी तापते, आणि गल्लीतला मेकॅनिक तिच्यावर दोन रामबाण उपाय करतो. तो थर्मोस्टॅट (इंजिनातले पाणी रेडिएटरकडे केव्हा सोडायचे ते ठरवणारी झडप) काढून फेकतो आणि रेडिएटरच्या पंख्याला थेट चावीची वायर जोडतो, म्हणजे चावी फिरवली की पंखा फिरू लागतो. त्याच्या जोडीला रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी बोअरिंगचे पाणी असतेच. आपल्याकडच्या बोअरिंगच्या पाण्यात क्षार इतके असतात की घरातल्या गीझरची कॉइल थोड्याच काळात पांढरी होते. तेच पाणी उकळत्या तापमानाजवळ रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून फिरवल्यावर काय होणार, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही.

माझी पहिली हौसेची गाडी बॅलेनो होती आणि ती मी पासष्ट हजारांना घेतली. विकणाऱ्याने अभिमानाने सांगितले की गाडी कधीच तापत नाही. ते खरेही होते, कारण हिवाळ्यात मी तिची काच गरम हवेने साफ करायला गेलो तर ती हवा कोमटच येत असे. काटा कायम तळाशी पाहून मला त्यातच समाधान वाटत होते. थर्मोस्टॅट साधारण ऐंशी ते नव्वद अंशांच्या दरम्यान उघडतो आणि तोपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही, त्यामुळे इंजिन लवकर योग्य तापमानाला येते. तो नसला तर इंजिन बराच वेळ थंड राहते, कॉम्प्युटर गाडी अजून गरम झालेली नाही असे समजून पेट्रोल जास्त सोडतो, जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल धुऊन खाली उतरते आणि ॲव्हरेज का पडले म्हणून मालक प्लग बदलत बसतो. हे सगळे माझ्या गाडीत चालू होते आणि मला पत्ता नव्हता.

पुढच्या मे महिन्यात आम्ही धुळ्याहून चाळीसगावमार्गे कन्नडकडे निघालो. सपाट रस्त्यावर समोरून वारा लागत होता तोवर काटा जागचा हलला नाही. औट्रम घाटात मात्र एक ट्रक वळणावर बंद पडला होता आणि त्याच्यामागे सगळी रांग पहिल्या गिअरमध्ये सरपटत होती. तिसऱ्या-चौथ्या वळणावर काटा उठला आणि पाहता पाहता लाल पट्टीला टेकला. बॉनेट उघडले तेव्हा पंखा बंद होता. त्याला जोडलेली बारीक वायर, जिच्या वाटेत ना रिले होता ना फ्यूज, वितळून बॅटरीच्या कडेला चिकटली होती. इथपर्यंतचा दोष माझ्याआधीच्या कुणाचा तरी होता. त्यानंतर मी जे केले तो दोष शंभर टक्के माझा. वर पोहोचलो की सावलीत थांबू, असे म्हणून मी गाडी आणखी किलोमीटरभर रेटली. ॲल्युमिनियमच्या हेडला, म्हणजे सिलिंडरवर बसणाऱ्या झाकणाला, वाकायला तेवढे अंतर पुरते. हेड वाकले, गॅस्केट गेले आणि गाडी टोचन करून चाळीसगावला आणावी लागली. हेडला फेसिंग मारणे, गॅस्केट, नवा रेडिएटर, पंख्याची मूळ वायरिंग असे मिळून अडतीस हजार गेले. जुना रेडिएटर कापून पाहिला तेव्हा निम्म्याहून अधिक नळ्या चुन्यासारख्या थराने बंद होत्या. थर्मोस्टॅट नसणे आणि पंखा अखंड फिरणे या दोन गोष्टींनी तो आजार दोन हिवाळे झाकून ठेवला होता.

तेव्हापासून मी कोणतीही गाडी पाहताना ती रात्रभर थंड राहिलेली असावी असा हट्ट धरतो आणि सकाळी सहाला दारात जातो. रेडिएटरचे झाकण उघडून टॉर्चने आत पाहायचे. हिरवा किंवा गुलाबी कूलंट असेल तर मालकाला निम्मे गुण, तांबूस पाणी आणि तोंडाशी पांढरी कड असेल तर किंमत पाडायला सुरुवात. मग इंजिन सुरू करून वरच्या होजवर हात ठेवायचा. थर्मोस्टॅट जागेवर असेल तर काही मिनिटे होज गारच राहतो आणि मग थोड्याच वेळात हात ठेववेनासा तापतो. तो सुरुवातीपासून हळूहळू कोमट होत गेला तर थर्मोस्टॅट आत नाही असे समजावे. चावी फिरवताच पंखा सुरू झाला तर दुसऱ्या उपायाचाही पुरावा मिळाला. शेवटी मी भर दुपारी धुळ्याजवळच्या लळिंगच्या घाटात एक फेरी मारतो. विकणारा त्याला तयार नसेल तर ती गाडी त्यालाच लखलाभ असो.

‘भाऊ, आपल्या उन्हात थर्मोस्टॅटची गरजच नाही,’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की आता मी वाद घालत नाही. गाडी घरी आली की रेडिएटर उतरवून साफ करून घेतो, नवा थर्मोस्टॅट बसवतो, कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मे-निम्मे भरतो आणि दर दोन वर्षांनी ते बदलतो.

पत्रा की इंजिन

इंजिन दुरुस्त होते, पत्रा सडला की होत नाही; निदान परवडेल असा होत नाही. मुंबईहून आलेल्या गाड्या वरून चकचकीत असतात, कारण खारी हवा खालून काम करते. स्टेपनीच्या खोलगट जागेतील गालिचा उचलावा, बॅटरीखालचा पत्रा, दाराखालचा फळीसारखा भाग आणि शॉकॲब्सॉर्बरचा वरचा माथा पाहावा. संशयित जागी पातळ फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक फिरवावे, ते जिथे पकडत नाही तिथे आत लांबी (पुट्टी) भरलेली असते. आमच्या कोरड्या हवेतील गाडीचे रबर कडक झालेले असते, छताचे कापड लोंबत असते, डॅशबोर्डला तडे असतात, तरी पत्रा बहुधा शाबूत असतो. धूर सोडणारी खानदेशी गाडी आणि मऊ चालणारी समुद्रकाठची गाडी यांत मी पहिलीच घेईन.

कागद

दिल्लीत या काळातल्या जुन्या पेट्रोल गाड्यांवर वयामुळे निर्बंध असल्याने तिथल्या गाड्या स्वस्त मिळतात. त्यांना इथे आणण्यासाठी तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे नमुना २८, आणि महाराष्ट्राचा कर हे दोन्ही लागतात, हे एजंट शेवटी सांगतो. इथल्याच गाडीचीही नोंदणी पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावी लागते. त्याचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाले आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारींसाठी १०,००० रुपये झाले. त्यावर पर्यावरण कर वेगळा. नूतनीकरण राहिलेली गाडी ‘कागद करून देतो’ या तोंडी शब्दावर घेऊ नये, ते विकणाऱ्याने आधी करावे आणि मग पैसे मोजावेत. जुने बँकेचे कर्ज फिटले असले तरी आरसीवरील बोजा उतरवला आहे का, इंजिन आणि चासी क्रमांक जुळतात का, हेही तिथेच बसून पाहावे. ‘आता ती व्हिंटेज आहे, नियम वेगळे’ असे कुणी म्हणाल्यास त्याला नम्रपणे आठवण करून द्यावी की त्या वर्गासाठी गाडी पन्नास वर्षांहून जुनी लागते.

टायमिंग बेल्टची गाडी असेल आणि तो कधी बदलला याची पावती नसेल, तर तो बदललेला नाही असेच धरावे. गाडी कमी चालली म्हणून बेल्ट तरुण राहत नाही. सोळा व्हॉल्व्हच्या अनेक इंजिनांत तो तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात.

टायरची नक्षी पाहू नये, त्याच्या बाजूवर छापलेले शेवटचे चार अंक पाहावेत. ‘१२१६’ म्हणजे २०१६ चा बारावा आठवडा.

पेट्रोलचे जुने होज आल्या आल्या बदलावेत. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते आणि या गाड्यांचे रबर त्यासाठी बनलेले नव्हते. टाकीतला जुना साका सुटत असल्याने फिल्टरही एकदा लगेच आणि एकदा महिनाभराने बदलावा.

गाडी घरी येताच पहिल्या आठवड्यात मोठा सायलेन्सर, उघडा एअर फिल्टर आणि सतरा इंची अलॉय लावणाऱ्या मंडळींना मी समजावणे सोडून दिले आहे. त्यांच्या गाडीच्या ब्रेक ऑइलचा रंग चहासारखा असतो आणि ती थांबण्यापेक्षा ऐकू जास्त येते. माझा क्रम ठरलेला आहे: ब्रेक, टायर, कूलिंग, सस्पेन्शनचे बुश, आणि मग वर्षभराने, तोवर हौस टिकली तर, इंजिन. गाडीच्या किमतीएवढी रक्कम वेगळी काढून ठेवल्याशिवाय मी ब्रेकलाही हात लावत नाही.

शेवटची चूक जागेची आहे. गाडी खळ्यात किंवा गोठ्याशेजारी उभी करणार असाल तर तिथे कडबा, सरकी किंवा धान्याची पोती नाहीत ना, हे आधी पाहा. उंदीर एका रात्रीत इंजेक्टरची वायरिंग कुरतडतात आणि तो दोष शोधताना चांगला वायरमनसुद्धा दोन दिवस खातो. मी दर रविवारी बॉनेट उघडून आत पाहतो, मग गाडी वीस मिनिटे चालवून आणतो आणि रात्री बॉनेट किंचित उघडे ठेवून आत एक बल्ब लावतो.