आज वॉकला जावं का? हवेचा आकडा कसा वाचावा

जानेवारीतल्या सकाळी आमच्या सायनच्या गच्चीवर शेजारच्या काकू खूश असतात, "काय छान धुकं पडलंय!" धुकं कसलं, नऊ वाजले तरी विरत नाही, घसा खवखवतो. हे धुरकं. थंडीत खारे वारे उशिरा सुटतात, जमिनीलगतची गार हवा बसून राहते आणि धूर वर जातच नाही.

१. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं 'समीर' ॲप उघडा. अख्ख्या मुंबईचा आकडा (हवेचा निर्देशांक, म्हणजेच एक्यूआय) सोडा, घराजवळचं केंद्र निवडा. बोरिवलीच्या हवेवरून देवनारची हवा कळत नाही.

२. आकडा पाहा. ५० पर्यंत चांगली, १०० पर्यंत समाधानकारक, २०० पर्यंत मध्यम, ३०० पर्यंत खराब, त्यापुढे अति खराब आणि ४०० नंतर गंभीर. 'मध्यम' या शब्दाला फसू नका. दमेकऱ्यांचा त्रास तिथेच सुरू होतो.

३. आता खरं काम: त्या दिवशीचा मुख्य प्रदूषक कोणता ते शोधा. निर्देशांकाच्या यादीत आठ प्रदूषक आहेत. एक्यूआय ही त्यांची सरासरी नसते. ज्याचा आकडा सगळ्यांत वाईट, तोच दिवसाचा आकडा.

पीएम म्हणजे हवेत तरंगणारे बारीक कण. पीएम १० म्हणजे रस्त्यावरची, बांधकामांची धूळ. खिडकीच्या ग्रिलवरून बोट फिरवा: करकरीत राखाडी लागली तर बहुतेक हीच, काळं-चिकट लागलं तर धुराची काजळी. पीएम २.५ त्याहून बारीक, केसाच्या जाडीच्या पंचविसाव्या-तिसाव्या हिश्शाएवढा. डिझेल, लाकडाची भट्टी, जळता कचरा यांतून तो निघतो आणि थेट फुप्फुसाच्या तळाशी जातो. नायट्रोजन डायऑक्साइड मुख्यतः गाड्यांचा, सल्फर डायऑक्साइड कोळसा आणि जड तेलाचा. कार्बन मोनॉक्साइडला तर वासही नसतो. ओझोन मात्र कुठल्याच धुराड्यातून निघत नाही. गाड्यांच्या वायूंवर ऊन पडलं की हवेतच तयार होतो. उरले अमोनिया आणि शिसं. पेट्रोल २००० साली शिसंमुक्त झालं, त्यामुळे शिशाचं नाव सहसा वर येत नाही.

४. नावाप्रमाणे वागा. पीएम असेल तर थंडीतला पहाटेचा वॉक टाळा. दुपारी खारा वारा सुटल्यावर खिडक्या उघडा. बाहेर पडताना एन-९५ मास्क नाकाशी घट्ट बसवा, रुमालाने काही होत नाही. घरात झाडूऐवजी ओलं फडकं, आणि डासांची कॉइल बंद. ओझोन असेल तर उलट: दुपार टाळा, सकाळी चाला. वायूपुढे एन-९५ चालत नाही.

५. शेजारच्या बांधकामाला हिरवं कापड नसेल, पाणी मारत नसतील, तर फोटो आणि नेमका पत्ता घेऊन महापालिकेच्या १९१६ वर तक्रार करा. ऑक्टोबर २०२३ च्या नियमावलीत या दोन्ही गोष्टी बंधनकारक आहेत. तक्रार क्रमांक मागून घ्या; तो नसला की पुढच्या फोनला पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगावं लागतं.