कॅरेक्टरला सरदारकी हवीय? मग परीक्षा अशी रचा

डंजन्स अँड ड्रॅगन्ससारख्या रोलप्लेइंग खेळाच्या प्रत्येक कॅम्पेनमध्ये, म्हणजे अनेक सेशन चालणाऱ्या गोष्टीत, असा एक जण तरी निघतोच. सहाव्या-सातव्या लेव्हलला पोचला, गाठीला थोडं सोनं जमलं, की म्हणतो आता मला सरदार व्हायचंय. मग बिचारा डीएम (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) नेटवर शोधत बसतो आणि त्याला सगळीकडे एकच पाठ केलेलं उत्तर मिळतं: एक परीक्षा शौर्याची, एक बुद्धीची, एक निष्ठेची. राक्षस मार, कोडं सोडव, राजासमोर गुडघे टेक, झालास सरदार. अहो पण राक्षस तर तो दर सेशनला मारतोच आहे, त्यासाठी वेगळी परीक्षा कशाला?

राज्याचा नकाशा, राजाचं नाव, कॅरेक्टरची बॅकस्टोरी (आधीचं आयुष्य) हे तुमच्याकडे असेल असं धरून चालते.

पहिलं ठरवायचं ते परीक्षा नाही, तर किताब देणाऱ्याला त्यात काय मिळणार हे. फुकट सरदारकी कुणीच देत नाही. खऱ्या इतिहासात डोकावलात तर इथे भरपूर माल आहे. फ्रान्समध्ये राजाला पैसा लागायचा म्हणून सरकारी पदं चक्क विकली जायची, त्यातली काही पदं घेतली की उमरावकीही मिळायची, आणि 1604 पासून तर दरवर्षी पदाच्या किमतीचा साठावा हिस्सा भरला की ते पद घराण्यातच ठेवता यायचं. चीनमध्ये शतकानुशतकं अधिकारी लेखी परीक्षेतून निवडायचे, ती पद्धत 1905 ला बंद झाली. आणि मैदानावर लढाईच्या आधी किंवा नंतर पटापट नाईट करून टाकणं हेही चालायचं, कारण राजाला त्या क्षणी निष्ठावान माणसं हवी असायची. तुमच्या राजाला काय हवंय? पैसा, सैन्य, की सीमेवरच्या त्या नकोशा गढीत जाऊन मरायला कुणीतरी? ते एका वाक्यात लिहा. परीक्षा त्या वाक्यातून आपोआप निघते.

दुसरं, सरदार दिवसभर करतो काय ते आठवा. तंटे सोडवतो, वसुली करतो, हाक आली की माणसं उभी करतो, आणि वरच्याला तोंड देतो. यातलं एक काम उमेदवाराला एका दिवसासाठी द्या. बस.

आता तो भाग जिथे मी स्वतः तोंडावर आपटले, त्यामुळे इथे जरा वेळ घेते.

माझी पहिली सरदारकीची परीक्षा तीन टप्प्यांची होती, भाला, दरबारी वाद आणि देवळातलं रात्रभर जागरण. प्रत्येक टप्प्याला एक रोल, म्हणजे वीस बाजूंचा डाइस टाकायचा, त्यात कॅरेक्टरचा बोनस मिळवायचा, बेरीज 15 किंवा जास्त झाली की पास. प्लेअरचा बोनस तिन्हीकडे प्लस पाच. मला वाटलं सोपंच ठेवलंय की, डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या एडिशनमध्ये 15 म्हणजे मध्यम कठीण. तो भाल्याला पास झाला, वादात डाइसवर चार पडला, आणि मी नियमाप्रमाणे सांगितलं की दरबार हसला, तू नापास. त्यानं आठ महिने या एका गोष्टीसाठी कॅरेक्टर घडवलं होतं. तो काही बोलला नाही, फक्त कॅरेक्टरच्या माहितीची शीट उलटी ठेवली आणि उरलेला सेशन मोबाइल बघत बसला.

घरी येऊन हिशोब केला. प्लस पाच असताना 15 गाठायला वीस बाजूंच्या डाइसवर दहा किंवा जास्त लागतो, म्हणजे 55 टक्के. हे सलग तीनदा जमायची शक्यता किती? साडेसोळा टक्क्यांच्या आसपास. सहातून एकदा! मी सोपी समजून जी परीक्षा ठेवली होती ती सहापैकी पाच उमेदवारांना घरी पाठवणारी होती आणि मला पत्ताच नव्हता. मग लोक सल्ला देतात की तीनपैकी दोन पास पुरे असं ठेवा. ठेवून बघा, 57 टक्के येतं, म्हणजे फिरून नाणं उडवल्यासारखंच. कुणी म्हणतो अ‍ॅडव्हान्टेज द्या, दोन डाइस टाकून मोठा घ्या. एका रोलची शक्यता 80 च्या जवळ जाते हे खरं, पण सलग तीन म्हटले की परत 51 टक्केच. आकडे कितीही हलवा, मूळ दुखणं तिथेच राहतं, ते हे की पास-नापास डाइस ठरवतोय आणि प्लेअर नुसता बघतोय.

म्हणून माझा आता पक्का नियम आहे, यावर माझ्याशी वाद घालू नका: सरदारकी मिळणार की नाही हे कधीही रोलवर सोडायचं नाही. रोल फक्त किंमत ठरवतो. रोल चांगला पडला तर काम कमी खर्चात होतं, वाईट पडला तर कुणाचा तरी रोष, उधारी किंवा जखम पदरात पडते. पण निर्णय प्लेअरचा, आणि त्या निर्णयात दोन्हीकडे काहीतरी गमावायचं असलं पाहिजे. एक बाजू सरळसरळ चांगली आणि दुसरी दुष्ट असेल तर ती परीक्षा नाहीच, तो गृहपाठ आहे.

माझी आवडती परीक्षा सांगते, उचलून वापरा. एक ओढा, त्यावर बांध, बांधाला लाकडी दार. वरच्या गावात पाणचक्की आहे, तिला दार बंद हवं म्हणजे पाणी साठतं. खालच्या गावातलं पीक वाळतंय, त्यांना दार उघडं हवं. म्हातारा सरदार आजारी आहे आणि उमेदवाराला त्याच्या खुर्चीत एक दिवस बसवलंय, सूर्य मावळायच्या आत निकाल द्यायचा. मेख अशी की चक्कीचं निम्मं उत्पन्न राजाच्या तिजोरीत जातं, म्हणजे जो किताब देणार आहे त्याचाच खिसा यात आहे. आणि खालच्या गावात उमेदवाराच्या बॅकस्टोरीतलं एक माणूस राहतं, आई, जुना कॉम्रेड, जो कोणी असेल तो. आता सोडव बाबा.

दुपारपर्यंत रोल होतातच. कोण खोटं बोलतंय ते ओळखायला, दाराच्या खिट्टीवरचे ताजे कुऱ्हाडीचे घाव शोधायला, गर्दी शांत ठेवायला. हे ताजे घाव मी मुद्दाम ठेवते, कारण त्यावरून कळतं की रात्री कुणीतरी दार तोडायचा प्रयत्न केलाय. पण महत्त्वाची माहिती एकाच रोलच्या मागे लपवू नका, तीन वेगवेगळ्या वाटांनी ती हाती लागेल असं बघा, नाहीतर एक वाईट रोल आणि अख्खी दुपार ठप्प.

बाकीच्या पार्टीचं, म्हणजे सोबतच्या प्लेअरांचं काय, हा प्रश्न तुम्हाला पडला नसेल तर पडू द्या, कारण एकाची परीक्षा आणि चार जण जांभया देतायत हे मी भरपूर पाहिलंय. त्यांना गावकरी करा. प्रत्येकाला एक चिठ्ठी, तिच्यावर तीन ओळी: तुला काय हवंय, तू काय लपवतोयस, काय मिळालं तर तू ऐकशील. आमच्याकडे पार्टीतल्या चोरानं चक्कीवाल्या विधवेची चिठ्ठी घेतली आणि आपल्याच मित्राला भर सभेत असं काही फाडलं की मी तासभर तोंड उघडलं नाही, नुसती मजा बघत होते. एनपीसीचे (डीएमनं चालवायच्या पात्रांचे) पाच आवाज काढायचा त्रास वाचतो तो वेगळाच.

मग निकालाचे परिणाम आधीच लिहून ठेवा, दोन-दोन ओळीत. दार उघडलं तर राजा किताब देतो पण बुडालेलं उत्पन्न नव्या सरदाराच्या नावावर लावतो. बंद ठेवलं तर किताब झोकात मिळतो, खालचं गाव मात्र पुढच्या हाकेला एकही माणूस पाठवत नाही. दिवसाआड उघडायचं म्हणाला, आणि प्लेअर हे म्हणतातच, तर विचारा की पहारा कोण देणार आणि त्याचा पगार कुठून. आणि ज्यानं निकालच दिला नाही, सूर्य मावळेपर्यंत चर्चाच करत बसला, तो एकटाच खरा नापास. तरी त्यालाही दरवाजा बंद करू नका, सरदाराचा कारभारी म्हणून वर्षभर ठेवा, तिथून गोष्ट अजून रंगते.

तापलेलं लोखंड हातात धरायला लावणं, पाण्यात बुडवणं असली दैवी परीक्षा घालायचा मोह होतो, दिसायला भारी असते. घालायची तर तिच्यामागे माणूस ठेवा. युरोपात 1215 च्या चर्चच्या लॅटरन परिषदेनं धर्मगुरूंना असल्या परीक्षांत भाग घ्यायला मनाई केली, आणि पुरोहितच नाही म्हटल्यावर ती प्रथा मागे पडत गेली. तुमच्या दुनियेत ते लोखंड किती तापवायचं हे ज्या पुजाऱ्याच्या हातात आहे, त्याला गाठणं हीच खरी परीक्षा, हात भाजणं नाही.

समारंभ पाच मिनिटांत उरका. स्नान, पांढरे कपडे, वेदीवर शस्त्रं ठेवून रात्रभर जागरण, हे सगळं मध्ययुगात होतं आणि वर्णनाला छान आहे, पण त्यावर रोल मागू नका.

आणि किताब देताना प्लेअरच्या हातात खरोखरचा कागद द्या. पुढच्या बाजूला नाव आणि शिक्का, मागे थकलेल्या वसुलीची यादी. आमचा तो नवा सरदार शिक्का बघून दोन मिनिटं हसत होता, मग त्यानं कागद उलटला आणि विचारलं, हे चक्कीचं माझ्या नावावर कधी लागलं?