रसदीच्या वाटेने वाचावे युद्ध: दुसऱ्या महायुद्धातील निर्णायक लढायांचा अभ्यास कसा करावा

दुसऱ्या महायुद्धाचा अभ्यास सुरू करणाऱ्याला पहिली अडचण येते ती यादीची. कोणी मॉस्कोच्या वेशीवरील डिसेंबर १९४१ चा प्रतिहल्ला निर्णायक मानतो, कोणी प्रशांत महासागरातील मिडवे, कोणी इजिप्तमधील एल अलामेन, तर कोणी फ्रान्समधील नॉर्मंडी. मीही सुरुवातीला सनावळ्या आणि सेनापतींची नावे पाठ केली होती. पण ती लढाई त्याच ठिकाणी का झाली आणि हरलेल्या पक्षाला त्यानंतर पुन्हा उभे का राहता आले नाही, याचे उत्तर त्या पाठांतरातून मिळाले नाही. ते मिळाले रसदीचा माग काढू लागल्यावर. म्हणून येथे सांगत असलेली पद्धत धान्य, दारूगोळा, इंधन आणि पाणी यांच्या वाटेवरून चालत लढाईपर्यंत पोहोचण्याची आहे.

प्रथम लढाया थोड्याच निवडाव्यात. एक रशियातील, एक प्रशांत महासागरातील आणि एक आपल्या ईशान्य सीमेवरील, अशा तीन लढाया नीट समजल्या की उरलेल्या युद्धाची रचना बरीचशी उलगडते. प्रत्येक लढाईसाठी प्रमाण दिलेला नकाशा घ्यावा आणि सैन्याच्या हालचालींचे बाण काढण्याआधी त्यावर लोहमार्ग, रस्ते, बंदरे आणि विमानतळ रंगवावेत. प्रत्येक सैन्याचे शेवटचे रेल्वे स्थानक कोठे होते आणि तेथून आघाडी किती दूर होती, हे नकाशाच्या कडेला लिहून ठेवावे.

स्टालिनग्राडपासून सुरुवात करावी असे मी आग्रहाने सांगेन. २८ जून १९४२ रोजी सुरू झालेल्या जर्मन मोहिमेचे मुख्य लक्ष्य कॉकेशसमधील तेल हे होते. व्होल्गाकाठचे हे शहर त्या मोहिमेच्या डाव्या बाजूला होते. २३ ऑगस्टच्या प्रचंड बाँबवर्षावानंतर फ्रीडरिश पाउलुस यांची जर्मन सहावी सेना रस्त्यारस्त्यांतील, किंबहुना खोल्याखोल्यांतील लढाईत गुंतत गेली. वसिली चुइकोव्ह यांच्या ६२व्या सेनेला सोव्हिएत नेतृत्व नदीपलीकडून टिकून राहण्यापुरतीच कुमक देत राहिले आणि मोठी राखीव दले शहरापासून दूर, दोन्ही बगलांवर जमवत राहिले. या बगला कमी शस्त्रसज्ज असलेल्या रुमानियन सैन्याकडे होत्या. १९ नोव्हेंबरला उत्तरेकडून आणि दुसऱ्या दिवशी दक्षिणेकडून सोव्हिएत हल्ला झाला, २३ नोव्हेंबरला दोन्ही फळ्या कलाचजवळ मिळाल्या आणि सहाव्या सेनेसह अडीच लाखांहून अधिक माणसे वेढ्यात सापडली.

येथे नकाशावर एक बारीक गोष्ट जरूर नोंदवावी. सोव्हिएत रुळांमधील अंतर १,५२४ मिलिमीटर होते, तर जर्मन रुळांमधील १,४३५. जेमतेम ८९ मिलिमीटरच्या या फरकामुळे जर्मनांना शेकडो किलोमीटरचे रूळ सरकवून घ्यावे लागले आणि पुढे सरकणाऱ्या सैन्याच्या मागे रसद कायम रखडत राहिली. वेढ्याआधीच ओढाताण करणारी ही व्यवस्था वेढा पडल्यावर पूर्णपणे आकाशावर अवलंबून राहिली. सहाव्या सेनेला तग धरण्यासाठी रोज किमान ३०० टन सामग्री हवी होती. प्रत्यक्षात विमानांनी सरासरी सुमारे १०० टनच पोहोचवली. जानेवारीत पितोमनिक आणि पाठोपाठ गुमराक हे विमानतळ हातचे गेले, आणि २ फेब्रुवारी १९४३ रोजी उरलेल्या तुकड्यांनीही शस्त्रे ठेवली. पकडल्या गेलेल्या सुमारे ९१,००० सैनिकांपैकी पाच-सहा हजारच पुढे मायदेशी परतले.

‘आधी’ आणि ‘नंतर’

लढाई निर्णायक होती का, हे मृतांच्या संख्येवरून ठरवू नये. वहीच्या एका पानावर दोन रकाने करावेत: हरलेल्या पक्षाला लढाईआधी काय करणे शक्य होते आणि लढाईनंतर काय करणे अशक्य झाले. १९४२ च्या उन्हाळ्यात जर्मनी शेकडो किलोमीटर आत घुसून तेलक्षेत्रे गाठण्याचा बेत करू शकत होता. जुलै १९४३ मध्ये कुर्स्क येथे त्याला आघाडीचा केवळ एक फुगवटा छाटण्याचा प्रयत्न करता आला आणि तोही दोन आठवड्यांच्या आत सोडून द्यावा लागला. या दोन रकान्यांतले अंतर म्हणजेच स्टालिनग्राडचे महत्त्व.

मिडवेला हीच कसोटी लावावी. ४ जून १९४२ रोजी जपानने अकागी, कागा, सोर्यू आणि हिर्यू या चार विमानवाहू नौका गमावल्या. पर्ल हार्बरवर चालून गेलेल्या सहा विमानवाहू नौकांपैकीच त्या चार होत्या. अमेरिकेची यॉर्कटाउन ही विमानवाहू नौका बुडाली. पण अमेरिकी कारखाने आणि गोद्या ती उणीव भरून काढू शकत होत्या, जपानच्या नव्हे. तरीही जपानची चढाईची क्षमता त्या एका सकाळीच संपली असे लिहिणे मला घाईचे वाटते, कारण प्रशांत महासागरातील ग्वाडलकॅनाल बेटाचा झगडा त्यानंतर फेब्रुवारी १९४३ पर्यंत चालला. निर्णायक क्षण हा पुष्कळदा काही महिन्यांचा असतो, हे ध्यानात ठेवून रकाने भरावेत.

एकाच तारखेची नोंद

दुसरी उपयुक्त सवय म्हणजे तारखांची आडवी नोंद. एक महिना घ्यावा आणि त्या महिन्यात सर्व आघाड्यांवर काय चालले होते ते एकाच ओळीत लिहावे. नोव्हेंबर १९४२ घ्या. ४ तारखेला जर्मन सेनापती रोमेल यांचे सैन्य एल अलामेनहून मागे हटू लागले, ८ तारखेला दोस्त सैन्य मोरोक्को आणि अल्जीरियात उतरले आणि १९ तारखेला स्टालिनग्राडचा फास आवळण्यास सुरुवात झाली. आता यांतील धागा पाहा. आफ्रिकेतील संकट सावरण्यासाठी जर्मनीने आपली मालवाहू विमाने ट्युनिशियाकडे वळवली आणि नेमक्या त्याच आठवड्यांत ती व्होल्गाकाठी हवी होती. वेगवेगळ्या प्रकरणांत वाचलेल्या या घटना एका ओळीत आल्याखेरीज हा संबंध दिसत नाही. जून १९४४ चीही अशीच ओळ करावी. रोम, नॉर्मंडी, सायपान, बेलारूस आणि आपले इंफाळ ही सर्व नावे त्या एकाच महिन्यात येतात.

इंफाळ-कोहिमा: स्टालिनग्राडशेजारी ठेवून

ईशान्येकडील लढाई स्टालिनग्राडच्या शेजारी ठेवून अभ्यासावी, कारण येथेही वेढा होता आणि येथेही आकाशातूनच रसद येत होती, पण निकाल उलटा लागला. मार्च १९४४ मध्ये जपानी सेनापती मुतागुची यांच्या १५व्या सेनेच्या तीन डिव्हिजन ब्रह्मदेशातील चिंदविन नदी ओलांडून आल्या. सोबत जेमतेम तीन आठवड्यांची शिधासामग्री होती. पुढचे अन्न इंफाळची कोठारे जिंकून मिळवायचे होते. आझाद हिंद फौजेच्या तुकड्याही या मोहिमेत होत्या आणि १४ एप्रिलला त्यांनी मोइरांग येथे तिरंगा फडकवला. त्याच दिवशी दुपारी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत दारूगोळा आणि कापूस यांनी भरलेल्या फोर्ट स्टिकीन जहाजाचा स्फोट झाला. या दोन घटनांत कार्यकारण संबंध नाही, परंतु रसदीची वाट आपल्या गोदीतूनही जात होती, हे त्यातून कळते.

कोहिमा येथे ब्रिटिश-भारतीय सैन्याच्या सुमारे दीड हजार लढाऊ माणसांनी ४ एप्रिलपासून दोन आठवडे टेकडीचा कणा धरून ठेवला. उपायुक्तांच्या बंगल्याजवळील टेनिसच्या मैदानावर दोन्ही बाजूंचे खंदक हातबाँब फेकण्याच्या अंतरावर आले. इंफाळमध्ये सुमारे दीड लाख माणसे अडकली होती. १८ एप्रिल ते ३० जून या काळात त्यांना जवळपास १९ हजार टन सामग्री विमानांनी पोहोचवली. भागाकार स्वतः करावा: दिवसाला सुमारे २५० टन. स्टालिनग्राडला याच्या निम्म्याहून कमी सामग्री मिळत होती आणि खाणारी तोंडे मात्र कितीतरी अधिक होती. इंफाळच्या खोऱ्यातील विमानतळ शेवटपर्यंत हाती राहिले आणि आकाशावर दोस्तांचे वर्चस्व होते, हे या फरकाचे मूळ. उलट बाजूला जपानी ३१व्या डिव्हिजनचे सेनापती सातो यांना आश्वासन दिलेली रसद मिळालीच नाही आणि माणसे उपाशी मरताना पाहून त्यांनी वरिष्ठांच्या आज्ञेविरुद्ध कोहिमातून माघार घेतली. २२ जूनला इंफाळ-कोहिमा रस्त्यावरील १०९व्या मैलाच्या दगडाजवळ दोन्हीकडून आलेली ब्रिटिश-भारतीय पथके भेटली आणि रस्ता मोकळा झाला.

मराठी वाचकाने या नकाशावर सांगशाक हे नाव ठळक करावे. उखरूलजवळच्या या डोंगरी गावात मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ५०व्या भारतीय पॅराशूट ब्रिगेडसोबत मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी पलटण लढली. काटेरी तारा नाहीत, पाण्याची टंचाई आणि चारही बाजूंनी हल्ले, अशा स्थितीत त्यांनी जपानी सैन्याला खिळवून ठेवले. तीन आठवड्यांच्या शिध्यावर निघालेल्या सैन्याचे असे वाया गेलेले दिवस फार मोलाचे होते. त्याच रेजिमेंटच्या इतर पलटणी इटलीत होत्या. नाईक यशवंत घाडगे यांना जुलै १९४४ मधील पराक्रमासाठी मरणोत्तर, तर शिपाई नामदेव जाधव यांना एप्रिल १९४५ मध्ये सेनिओ नदीकाठच्या पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्य सन्मान मिळाला.

आपल्या गावातील किंवा घरातील कोणी या युद्धात पडले असेल, तर अभ्यासाचा पुढचा टप्पा त्या नावाचा शोध हा असावा. युद्धात पडलेल्या सैनिकांच्या कबरी आणि स्मारके सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन या संस्थेच्या नोंदी संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतात. तेथे शोधताना इंग्रजीत ‘मराठा’ हा शब्द जुन्या पद्धतीने, म्हणजे मध्ये एक ‘एच’ आणि पुढे दोन ‘टी’ घालून लिहावा, नाहीतर नोंद हाती लागत नाही. आडनावाची दोन-तीन स्पेलिंगे करून पाहावीत. कबर सापडली नाही म्हणून थांबू नये, कारण अग्निसंस्कार झालेल्या हिंदू आणि शीख सैनिकांची नावे स्वतंत्र स्मारकांवर कोरलेली आहेत; एकट्या कोहिमाच्या स्मारकावर अशी ९१७ नावे आहेत. नाव मिळाले की पलटण आणि मृत्यूची तारीख उतरवून घ्यावी आणि आपण रंगवलेल्या नकाशावर त्या तारखेला ती पलटण कोठे होती तेथे बोट ठेवावे.