नवरंग बघायला येताय? मग मान खाली घाला

जून लागला की नवरंग पक्ष्यासाठी फोन सुरू होतात. "कर्नाळ्यात नवरंग आलाय ना? नेमका कुठे बसतो?" अहो, तो बसत नाही, जमिनीवर टुणटुण उड्या मारत हिंडतो. लोक झाडांचे शेंडे बघत राहतात आणि हा पठ्ठ्या दहा हातांवर पाचोळा उलटत असतो. पाठ हिरवी, त्यामुळे पटकन दिसत नाही. वळला की शेपटीखालचा लाल रंग चमकतो. मी पक्षी शोधतच नाही, उलटणारं पान शोधतो. शीळ घालायला मात्र तो फांदीवर चढतो, तेही उजाडताना नाहीतर तिन्हीसांजेला. तमिळमध्ये त्याचं नावच 'सहा वाजताचा पक्षी' अशा अर्थाचं आहे. आमची मंडळी पोहे खाऊन नऊला उगवतात.

आता मोबाइलवर शीळ वाजवणं. यावर मी चिडतो, कारण त्यात मीही सामील झालोय. एकदा चार कॅमेरेवाले सोबत होते. एकाने छोटा स्पीकर झुडपात ठेवला. पाचव्या मिनिटाला नवरंग समोर, चोचीत गांडुळांचा झुबका. म्हणजे जवळच पिल्लं. त्याने गांडुळं टाकली, मान मागे फेकली आणि स्पीकरला उत्तर दिलं. मग पुन्हा. पुन्हा. "दादा, अजून दोनच मिनिटं" करत अर्धा तास गेला. मी 'बंद कर' म्हटलं नाही. टाकलेली गांडुळं तोवर चिखलात शिरली होती. हे विणीचे दिवस. ती शीळ म्हणजे त्याच्या हद्दीत घुसलेला परका नर. आता स्पीकर गाडीतच ठेवायला लावतो. ज्याला घाई आहे त्याने घरी बसून फोटो बघावेत.

घरटं दिसलं, तर 'फ्रेम साफ' करायला समोरची फांदी मोडू नका. कावळ्यालाही फ्रेम साफच दिसते.

"मादी दाखवा" म्हणू नका, दोघं सारखीच दिसतात. करकरणारा प्लास्टिकचा रेनकोट नको, छत्री आणा.

पावसाच्या तोंडावर प्रवासात दमलेला नवरंग कधीकधी घरात शिरतो, काचेवर आपटतो. चोच उघडून पाणी ओतू नका, ते श्वासनळीत जातं. भोकं पाडलेल्या बुटांच्या खोक्यात, अंधारात ठेवा. तासाभराने झाडीजवळ झाकण उघडा. उडाला नाही तर वनखात्याला फोन. एका ताईंनी त्याच्यापुढे दूधभात ठेवला होता, वर "खात का नाही हो?" म्हणून मलाच विचारत होत्या.