धडधड मुद्दाम आणायची: पॅनिकसाठी एक्स्पोजरचा सराव

आधी फिजिशियनकडून ईसीजी, हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि शुगर तपासून घ्या. हृदयविकार, दमा, फिट्स किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांच्या होकाराशिवाय पुढचं काही करू नका. रिपोर्ट नॉर्मल आले की तपासण्या थांबवा. दर पंधरवड्याला ईसीजी काढत राहिलं की आजार पोसला जातो.

पॅनिकमध्ये, म्हणजे अचानक येणाऱ्या तीव्र भीतीच्या झटक्यांत, खरी धास्ती असते शरीरातल्या खुणांची, म्हणून त्याच खुणा घरी ठरवून आणायच्या. भीतीला असं मुद्दाम सामोरं जाणं म्हणजे एक्स्पोजर. जागेवर धावा, 1 मिनिट. फिरत्या खुर्चीत गोल फिरा, 1 मिनिट. नाक चिमटीत धरून बारीक स्ट्रॉमधून श्वास घ्या, 2 मिनिटं. तोंडाने खोल आणि भराभर श्वास घ्या, 1 मिनिट. यात रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं आणि श्वास पूर्ववत झाला की काही मिनिटांत ओसरतं. प्रत्येकानंतर भीतीला 0 ते 10 गुण द्या. 3 पेक्षा कमी आले तर तो व्यायाम सोडा. पॅनिकच्या अ‍ॅटॅकसारखाच वाटला तो धरा.

वहीचं काम टाळू नका. सुरू करण्याआधी लिहा: "मी बेशुद्ध पडेन, खात्री 80 टक्के." संपल्यावर प्रत्यक्षात काय झालं ते लिहा. बेशुद्ध पडताना रक्तदाब घसरतो, पॅनिकमध्ये तो सहसा चढतो. म्हणून घेरी आल्यासारखं वाटतं, पण माणूस क्वचितच कोसळतो. एका बैठकीत तोच व्यायाम चार-पाच वेळा करा आणि खात्रीचा आकडा पडेपर्यंत रोज करा. भीती शून्यावर यायची वाट पाहू नका.

बहुतेकांचं गाडं अडतं ते छुप्या आधारांवर. भिंतीला हात, सोबत बायको, सतत नाडी बघणं, मनात रामरक्षा, खिशात "लागली तर" म्हणून ठेवलेली गोळी. मग काही झालं नाही याचं श्रेय त्या गोळीला जातं आणि सराव वाया जातो. मात्र डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं मनाने बंद करू नका, विशेषतः झोपेच्या गोळ्यांच्या वर्गातली. ती त्यांच्या सल्ल्यानेच हळूहळू कमी होतात.

घरी जमलं की बाहेर पडा. नागपुरात मेट्रो सोयीची: बर्डीहून (सीताबर्डी) झाशी राणी चौक, एकच स्टेशन. मग लोकमान्य नगरपर्यंत, नंतर संध्याकाळच्या गर्दीत, दारापासून लांब. पुढची पायरी म्हणजे स्टेशनचे जिने भराभर चढून, धडधड घेऊनच गाडीत बसणं. मधेच उतरावंसं वाटेल. भीती शिगेला असताना उतरलात तर मेंदू शिकतो की उतरल्यामुळे वाचलो.

मे महिन्यात पारा 45 च्या आसपास असताना हे दुपारी करू नका. तेव्हाची चक्कर पॅनिकची नसून ऊन लागल्याची असू शकते, आणि ती सहन करत बसणं धोक्याचं. पाण्याची बाटली उन्हाळ्यात बिनधास्त बाळगा; फक्त धडधड दाबायला घोट घेऊ नका.

अ‍ॅटॅक वारंवार येत असतील किंवा घराबाहेर पडणंच बंद झालं असेल, तर हे एकट्याने करू नका. नागपूरची मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं, दोन्हीकडे मानसोपचार विभाग आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर मोफत आणि चोवीस तास चालतो. खासगी थेरपिस्ट निवडताना पहिल्याच भेटीत विचारा की एक्स्पोजर प्रत्यक्ष करून घेता का. नुसता दीर्घ श्वास शिकवणार असतील, तर दुसरं दार ठोठवा.